आधी रस्ता, मग प्लॉट

मंडळी, चौथीतलं गणित आहे. एकराचे गुंठे ४०. चाळीसही विकले तर रस्ता कुठून काढणार? शहराच्या कडेला नऊ फुटी गल्ल्या झाल्या त्या अशाच. एक मोटार उभी राहिली की रुग्णवाहिका आणि बंब कोपऱ्यावरच अडतात.

२००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारीही त्यात घेतली. गरिबाचं घर वाचलं, हे चांगलंच झालं. पण दाखल्याने घर कायदेशीर होतं, गल्ली रुंद होत नाही.

आपल्या घरातली दोन मुलं सध्या प्लॉट बघताहेत, म्हणून सांगते. भाव नंतर विचारा. आधी मंजूर नकाशात रस्ता किती फुटी आहे ते बघा आणि जागेवर जाऊन टेपने मोजा. कर्ज फिटेल, अरुंद गल्ली मात्र नातवंडांच्याही वाट्याला येईल.