आईचा वीतभर काळा शेपटा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली, म्हणून आज बसलेच.

सापगावात भातसेच्या काठी दशक्रिया झाली. भावाने केस काढले. महिनाभर टोपी घालून फिरला, मग खुंट आले, तीन-चार महिन्यांत भांग पडू लागला. केस आले तशी माणसं त्याच्याशी पुन्हा क्रिकेटवर बोलायला लागली. पुरुषांच्या दुःखाला अशी मुदत असते, ती डोक्यावर दिसतेही.

आईचं तसं नव्हतं. ती कलप लावायची. म्हणजे खरं तर अण्णा लावायचे, दर महिन्याला, ओटीवर, दात घासायच्या जुन्या ब्रशने. अण्णा गेल्यावर ते थांबलं. मुळं पांढरी झाली तशी भेटायला येणाऱ्या बायका म्हणू लागल्या, "बरं केलंस, आता हेच शोभतं." मला त्या 'आता'चा भयंकर राग यायचा.

आमच्या कुणब्यांत कोणी बाईचं डोकं भादरलं नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो. केशवपन मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं बघून चालणाऱ्या काही जातींत होतं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं त्यांनी हे करावं, याचं मला अजून नवल वाटतं. वस्तरा गेला खरा. पण कुंकू, बांगड्या, गजरा हे आमच्याकडेही काढलंच जातं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रक ग्रामपंचायतीत पोचतं. हळदीकुंकवाच्या वाटीपर्यंत कसं पोचायचं?

असो. मी आईला म्हटलं, मी लावते कलप, बायका काय म्हणतील ते म्हणू देत. मला वाटलं ती लोकांना घाबरतेय. ती म्हणाली, "लोकांचं काय गं. मागचं मला दिसत नाही, ते तेच करायचे. आता नको दुसऱ्याचा हात. वाढू दे."

मी गप्प बसले. मी तिच्या वतीने भांडायला निघाले होते आणि तिचे पांढरे केस मीही त्या बायकांसारखेच वाचत होते, फक्त उलटीकडून. विधवेने कलप लावावा की नाही, गजरा माळावा की नाही, यावर आपली सगळ्यांची मतं तयार असतात, सुधारकांचीसुद्धा. तिला विचारायचं राहून जातं.

केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. दोन वर्षांत पांढरं पाठीपर्यंत उतरलंय, खाली वीतभर शेपटा काळा राहिलाय. विचित्र दिसतं, ती कापत नाही. का ते मला कळायला उशीरच लागला. तो वीतभर अण्णांच्या हातचा आहे.

मीही गेल्या वर्षीपासून कलप सोडला. (नवऱ्याने "बरी आहेस ना?" असं विचारलं.) तत्त्व वगैरे काही नाही, आईशेजारी बसायला बरं वाटतं एवढंच.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने आजीच्या अंबाड्यात अबोलीचा वळेसर खोवला. एक नात्यातली बाई तिथेच बसली होती, तिच्या भुवया वर गेल्या. आईने हात मागे नेला, मला वाटलं काढणार. तिने तो नीट बसवला आणि तशीच शहापूरच्या बाजाराला गेली.

परवा म्हणाली, "पुढच्या वेळी येशील तेव्हा कात्री आण. दोन बोटंच काप हं, सगळं नको."

कात्री पिशवीत टाकून ठेवली आहे.