पट्टा बांधलाच आहे, तर…

नाशिकमध्ये रक्तदाब तपासायला निमित्त लागत नाही. कुणाचा वाढदिवस असो की मंडळाचा रौप्यमहोत्सव, मांडवात टेबल लागते, दंडाला पट्टा बांधतात, आकडा कागदावर येतो आणि ‘काका, मीठ कमी करा’ एवढ्यावर काका सुटतात. रविवार असला तर थेट मिसळीला. वर जादा पापड.

उच्च रक्तदाब असणाऱ्यांना, विशेषतः पुरुषांना, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो, असे काही मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. घाबरण्याजोगी ही वाढ नाही आणि रक्तदाबामुळेच कर्करोग होतो, असे सिद्धही झालेले नाही. सुटलेले पोट, बैठे काम, दारू, तंबाखू ही कारणे दोन्हीकडे आहेतच. म्हणून बीपीची गोळी चालू आहे, आता आतड्याचीही काळजी मिटली, असे कुणी समजू नये. उलट सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करा म्हणणेही इथे परवडणारे नाही. हा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो.

सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोग तपासतात: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. आतड्याचा त्यात नाही. तो घाला, अशी आमची मागणी नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांपुढचे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया रक्तदाबाच्या रुग्ण आहेत. एवढी माणसे पट्ट्यासाठी हात पुढे करणार, तर तेवढ्यात दोन प्रश्न विचारावेत. शौचातून रक्त जाते का? पोट साफ होण्याची रोजची रीत अलीकडे बदलली का? याला ना यंत्र लागते, ना निधी.

अडते ते लाजेपाशी. रक्त दिसले की मूळव्याध, हे घरातच ठरते. बाहेर भिंतीभिंतीवर ‘विना ऑपरेशन मूळव्याध, भगंदर’ रंगवलेले असतेच. मग चूर्ण, मलम, ताक, तिखट बंद. रक्त चार दिवस थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते. पुष्कळदा ती खरोखर मूळव्याधच असते. पण ते तपासून ठरायला हवे, आणि गुदमार्गाची बोटाने करायची साधी तपासणी रुग्ण टाळतो तशी काही डॉक्टरही टाळतात. खोलीत पडदा नसतो, बाहेर रांग असते, हातमोजे कपाटात असतात. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन विनाकारण उतरलेले दिसले, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून त्याला घरी पाठवू नये. रक्त आतड्यातून तर जात नाही ना, हे आधी पाहावे.