बांबूचा दागिना आणि कळकाचे बेट

बेळगाव-निपाणीकडच्या प्रदर्शनांतून हल्ली बांबूची कर्णफुले, माळा आणि बांगड्या दिसू लागल्या आहेत. सोबत ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी असते. आपल्या जुन्या घरांतून दागिना म्हणजे सोने आणि पैंजण म्हणजे हुपरीची चांदी. तेव्हा वडीलधारी मंडळी हसतात आणि सुना-लेकी चिठ्ठीवर विश्वास ठेवतात. खरा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही.

बांबूची बाजू प्रथम पाहू. बांबू हे गवत आहे. बेटातील तीन-चार वर्षांच्या जून काठ्या तोडल्या तरी कंद जिवंत राहतो व पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. सोन्याकरिता खाण खणावी लागते आणि दगडातून ते वेगळे करण्यास सायनाइडसारखे विष लागते. शिवाय २०१७ साली वनकायद्यातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा माणगा तोडून नेणे पुष्कळ सोपे झाले.

परंतु बांबूची दुसरी कथाही आपल्या शेजारीच घडली आहे. दांडेलीची कागद गिरणी १९५०च्या दशकात उभी राहिली. उत्तर कन्नडच्या जंगलातील बांबू तिला टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने दिला गेला. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात त्याच्या कितीतरी पट मोजावे लागत. बेटे झपाट्याने ओसरली. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पाहणी केली. बुडाशी असलेले काटे साफ केल्याने कळक जोमाने वाढेल, असा अधिकाऱ्यांचा समज होता. त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब जनावरांच्या तोंडून वाचतात, असे गावकरी सांगत. पाहणीत गावकरीच खरे ठरले.

तात्पर्य, माल निसर्गातला आहे एवढ्याने व्यवहार निसर्गाच्या हिताचा होत नाही. किती बांबू गेला आणि त्यावर किती हात जगले, हे पाहावे लागते. या कसोटीवर दागिना कागदाहून पुष्कळ सरस ठरतो. कर्णफुलाच्या जोडीला वीतभर कांबही पुरते, आणि मोल असते ते कारागिराच्या बोटांचे. सुनील व निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटात लवादा येथे उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या बांबूच्या राख्यांना जे नाव मिळवून दिले, त्याचे मर्म हेच आहे. प्लास्टिकच्या टबाने सूप-टोपलीचा धंदा बुडवला. आपल्या बुरुडालाही ही वाट मोकळी व्हावी.

दोष आहे तो पुढच्या संस्कारात. बांबूत पिष्ट असल्यामुळे त्याला भुंगा लागतो. बोरिक पावडर व टाकणखाराच्या पाण्यात तो भिजवला तर फारसे बिघडत नाही. पण त्यावर चकाकीसाठी राळेसारख्या कृत्रिम रसायनाचा जाड थर चढवला, की तो दागिना मातीत कुजत नाही. त्याचे जवळजवळ प्लास्टिकच होते. आणखी एक गोष्ट. आजीची पाटली पणतीच्या हाती जाते, मोडली तरी आटवून नवी घडते. बांबूचे कानातले वर्षभरात फेकले, तर सोन्याशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

माझे वडील वाड्यावरचे गवई. त्यांच्यामुळे घरी बासरीवाल्यांचा राबता असे. तेही बांबूच वापरीत. पण अधूनमधून मोहरीचे तेल लावून तीच बासरी वर्षानुवर्षे सांभाळीत. दागिन्यालाही हाच न्याय लावावा.

म्हणून घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : बांबू कोणत्या गावच्या बेटातला, वर थर कशाचा, आणि विणणाऱ्याला काय मिळाले? उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल घ्यावा. यल्लम्माची परडी बांबूची म्हणून आपण कधी कमी लेखली नाही. मग लेकीच्या कानातल्या फुलाला तरी का नाक मुरडावे?