शिक्षक कोणी व्हावे?

दरवर्षी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून बी.एड.च्या प्रवेशाची सूचना निघते आणि नुकतीच पदवी पदरात पडलेल्या हजारो तरुण-तरुणींची धावपळ सुरू होते. सूचनेतील अटी वाचावयास साध्या आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी अथवा पदव्युत्तर पदवी हवी. तीत किमान ५० टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गातील उमेदवारांस ही मर्यादा ४५ टक्के. त्यानंतर ९० मिनिटांची, १०० गुणांची प्रवेश परीक्षा. इंग्रजी माध्यमातून शिकवू इच्छिणाऱ्यास इंग्रजी भाषेची आणखी एक चाचणी. वरवर पाहता ह्यात वाद घालण्याजोगे काही नाही. परंतु माध्यमिक शाळेच्या फळ्यासमोर उद्या कोण उभे राहणार, हे ह्याच अटींनी ठरत असते. म्हणून ही केवळ कारकुनी बाब नव्हे. तो सामाजिक प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षकांविषयी दोन मागण्या एकत्र मांडल्या होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा व त्यास पोटापुरते वेतन मिळावे, ही एक. आणि तो शक्यतो नांगराच्या मुठीला हात लावण्याची लाज न वाटणाऱ्या कष्टकरी समाजातून यावा, ही दुसरी. ज्ञान आणि नाते ह्या दोहोंपैकी एकाचा बळी देऊन दुसरे साधावे, असे जोतीरावांनी कोठेही सुचविले नाही. आजच्या प्रवेशाच्या अटी आम्ही ह्याच कसोटीवर घासून पाहू इच्छितो.

प्रथम ज्ञानाचा विचार करू. प्रवेश परीक्षेच्या १०० गुणांपैकी ४० गुण बौद्धिक क्षमतेस, ३० सामान्य ज्ञानास आणि ३० शिक्षकी अभियोग्यतेस दिलेले आहेत. ज्यास गणित शिकवावयाचे आहे त्यास गणित कितपत उमगले आहे, किंवा ज्यास इतिहास शिकवावयाचा आहे त्याने इतिहास समजून घेतला आहे काय, हे ह्या परीक्षेत कोणी विचारीतच नाही. इंग्रजी माध्यमासाठी भाषेची चाचणी आहे, परंतु मराठी माध्यमाच्या भावी शिक्षकास शुद्ध व सुबोध मराठी लिहिता येते की नाही, ह्याची विचारपूस करण्याची गरज शासनास वाटलेली नाही. विषयज्ञानाचा सारा भार पदवीच्या टक्क्यांवर टाकून सर्व जण मोकळे झाले आहेत.

आणि हे टक्के तरी काय मोजतात? विद्यापीठे वेगळी, विषय वेगळे, उत्तरपत्रिका तपासण्याच्या तऱ्हा वेगळ्या. दिवसा दुकानात वा शेतात राबून ४८ टक्के मिळविणारी मुलगी दारातून परत जाते. गाईड पाठ करून ६२ टक्के मिळविणारा आत जातो. त्या दोघांत विषय कोणास अधिक समजला आहे, हे टक्केवारीचा आकडा सांगू शकत नाही.

ह्यावर आपल्यातीलच काही मित्र म्हणतील की, मग ही अट सरळ रद्द करा. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही आम्हांस ह्या मताशी असहमत व्हावे लागते. कच्च्या शिक्षकाची किंमत कोण मोजतो? सुखवस्तू घरातील मुलास शाळेत जे मिळत नाही ते खाजगी शिकवणीत विकत मिळते. शेतमजुराच्या, विडी कामगाराच्या, ऊसतोडणी कामगाराच्या मुलीला शाळेतील बाईंखेरीज दुसरे कोणी नसते. तेव्हा विषय जाणणाऱ्या शिक्षकाची गरज सर्वांत जास्त आहे ती गरिबाच्या मुलास. अट सैल करणे म्हणजे समता नव्हे. काय मोजावयाचे ते बदलणे, आणि जो त्या मापास उतरतो त्याची वाट पैशाने अडू न देणे, ही समता होय.

खरी गाळणी तर पैशाचीच आहे. २०१५-१६ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. वर्षाला किमान २०० दिवस काम, ८० टक्के उपस्थिती, शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचे २० आठवडे व त्या काळात ९० टक्के उपस्थिती, असे त्याचे नियम आहेत. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहेत. शिकविणे हे शिकवूनच येते. परंतु ह्या दोन वर्षांत विद्यार्थ्याने कमवावयाचे केव्हा आणि जगावयाचे कशावर, ह्याचे उत्तर नियमांत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील दुर्बल घटकांच्या मुलींना शुल्कमाफी देण्याचा जो निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला, तो स्वागतार्ह आहे. पण खोलीभाडे, खानावळ आणि एस.टी.चा पास ह्यांना माफी नसते, आणि घरची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ सालच्या अहवालात दाखवून दिले की, देशातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या सुमारे ९० टक्के संस्था बिगरसरकारी क्षेत्रात आहेत. ह्याच आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नमूद केले की, दहा हजारांहून अधिक स्वतंत्र संस्थांपैकी बहुसंख्य संस्था पदव्यांची विक्री करीत आहेत. अशा बाजारात उपस्थितीचा नियम कोणास जाचतो? ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्याची हजेरी घरबसल्या लागते. ज्याच्यापाशी नाही तो कामावर गेला म्हणून परीक्षेस मुकतो. नियम कडक असूनही शिक्षक कच्चा राहतो, आणि गरीब मात्र बाहेर पडतो.

पदवी हाती आल्यावरही वाट संपत नाही. भरतीसाठी आवश्यक असलेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ साली झाली, ती पुढे थेट २०२३ मध्ये, आणि त्यानंतर २०२५ मध्ये. पहिल्या दोहोंमधील पाच वर्षांत कित्येकांचे उमेदीचे वय सरले. निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावयाची. माध्यमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ पर्यंत दरमहा ८,००० रुपये होते, ते वाढून १८,००० झाले. इतकी वर्षे तग कोण धरू शकतो? ज्याच्या घरी दुसरे कोणी मिळवते आहे तोच. म्हणजे जाहिरातीत न लिहिलेली, पण सर्वांत कठोर अशी प्रवेशाची अट हीच ठरते.

आता २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकासाठी किमान पात्रता व्हावी, असे नव्या धोरणाने सुचविले आहे. ह्यात एक वर्ष वाचते, हे मान्य केले पाहिजे. पण बारावीनंतर लगेच राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेला बसून शिक्षक होण्याचे ठरविणारी मुले बहुधा माहितगार घरांतील असतील. घरातील पहिलीच पदवीधर असलेली मुलगी हा विचार अनेकदा पदवीनंतर करते. पदवीनंतरचे दोन वर्षांचे व एक वर्षाचे मार्ग धोरणात ठेवलेले आहेत. ते कागदावरच राहून तालुक्याच्या गावी बंद पडू नयेत, ह्यासाठी आतापासूनच जागरूक राहिले पाहिजे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रवेश परीक्षेत विषयज्ञानाची व अध्यापनाच्या भाषेची, म्हणजे मराठीचीही, कसोटी घ्यावी. ५० टक्क्यांपर्यंत न पोहोचलेल्यांनी ही विषयपरीक्षा चांगल्या रीतीने पार केल्यास त्यांना दार उघडावे, आणि त्यासाठी राज्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आग्रह धरावा. शाळेतील २० आठवड्यांच्या कामाबद्दल विद्यार्थ्यास विद्यावेतन द्यावे. प्रत्येक जिल्ह्यात वसतिगृहासह शासकीय बी.एड. महाविद्यालय असावे. भरतीची चाचणी दरवर्षी ठरल्या महिन्यात व्हावी. आणि शिक्षण सेवक हे पद रद्द करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावे.

ठराव करून हे साधणार नाही. आपापल्या तालुक्यातील माध्यमिक शाळांत कोणत्या विषयांच्या किती जागा रिक्त आहेत आणि किती प्रशिक्षित तरुण घरी बसून आहेत, ह्याची गावनिहाय नोंद कार्यकर्त्यांनी करावी. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरण्यास साहाय्य करणारे केंद्र चालवावे, आणि जमलेली माहिती जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांपुढे व लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी. फुल्यांनी मागितलेला शिक्षक आपल्याच वस्त्यांत आहे. त्याला शाळेपर्यंत पोहोचविण्याचे काम आपले आहे.