दुकानदार म्हणतो, ‘ऑफिस टाकून देऊ का?’

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटकडून कमर्शियल स्ट्रीटच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरात कन्नड, उर्दू, तमिळ आणि इंग्रजी पाट्या नजरेला पडतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली मराठी कुटुंबे या शहरातही आहेत. समजा, अशाच एका घराने मुलीच्या अभ्यासासाठी आणि दुकानाच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर घेतला. पैसे मोजून होतात न होतात तोच विक्रेता विचारतो, ‘‘ऑफिस टाकून देऊ का?’’ घरचे मान डोलावतात. नेमके काय ‘टाकले’ हे कोणी विचारत नाही.

ऑफिस म्हणजे पत्रे लिहिण्याचा, हिशेबाचे तक्ते मांडण्याचा आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी सरकचित्रे करण्याचा असा कार्यक्रमांचा संच. असे फुकट ‘टाकलेले’ पॅकेज बहुधा चोरीचे असते. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतीलच असे नाही, आणि सोबत कोणता व्हायरस आला तेही कळत नाही. बिलावर सॉफ्टवेअरचे नाव लिहून मागावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला की समजून जावे.

पण मराठी घराने किमतीच्याही आधी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे लिपी. १९९०च्या दशकात कॉम्प्युटरवर मराठी आली ती खास पॅकेजमधून. ‘आकृती’ याच बंगळुरूत तयार झाले, तर ‘श्रीलिपी’ पुण्यात. या पॅकेजांनी छापखान्यांचे आणि कचेऱ्यांचे मोठे काम केले, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण होती ती अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की आजोबांनी टाइप करून ठेवलेली कुळाची माहिती म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा! कागदाला वाळवी लागली तर निदान काही पाने उरतात. इथे सगळे जागेवर असूनही वाचता येत नाही.

युनिकोडने हे दुखणे मिटवले. त्यात प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मराठी, कन्नड, तमिळ आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू एकाच पानावर नांदतात. लग्नपत्रिका चार लिप्यांत काढणाऱ्या शिवाजीनगरला याची किंमत वेगळी सांगायला नको. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय विंडोजमध्येच आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला.

आता पैशांकडे वळू. मायक्रोसॉफ्ट ३६५ भाड्याच्या घरासारखे आहे. वर्गणी थांबली की कॉम्प्युटरवरच्या फाइली पाहता येतात, पण त्यांत बदल करता येत नाही. त्याची फॅमिली योजना मात्र सहा जणांना वापरता येते, म्हणून मोठ्या घराला ती परवडू शकते. एकदाच पैसे भरून घ्यायचे तर ऑफिस २०२४ आहे, पण ते एकाच मशीनसाठी. जुन्या मशीनवर ऑफिस २०१६ किंवा २०१९ आयते मिळाले तर हुरळून जाऊ नये, कारण त्यांच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या.

लिब्रेऑफिस हे २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळे झालेले पॅकेज अधिकृतपणे मोफत आहे. त्याचे मेनूसुद्धा मराठीत घेता येतात. घरची पत्रे, वाणसामानाची यादी, दुकानाची रोकड वही एवढ्यासाठी ते पुरून उरते. खोच एकच. कॉलेजने किंवा हिशेबनिसाने वर्ड-एक्सेलच्या फाइली मागितल्या तर ‘सेव्ह अॅज’मध्ये जाऊन ते स्वरूप निवडावे लागते. शिवाय एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो बसवले असतील तर ते इथे चालतीलच याची खात्री नाही. म्हणून हिशेबनिसाची एक जुनी फाइल आणून आधी उघडून पाहावी. ती नीट चालली तर पैसे वाचले, अडखळली तर वर्गणी भरावी.

घरात जुना कॉम्प्युटर असेल तर तो भंगारवाल्याला देण्याची घाई नको. त्यातल्या आकृती किंवा श्रीलिपीच्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. बदल झाल्यावर मजकूर मूळ पानाशी ताडून पाहावा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात, विशेषतः आडनावांत आणि गावांच्या नावांत. हे काम वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करावे, कारण कोणते नाव कसे होते हे त्यांनाच ठाऊक असते.