मे महिन्यात धबधबा कसा दिसणार?

दुचाकीवर तंबू बांधून गोंदियातली तळी-धबधबे पाहणाऱ्या जोडप्यावरचा लेख एका वाचकांना रुचला नाही. गेल्या अंकातील पत्रात ते म्हणतात, जिल्ह्यात भातगिरण्यांपलीकडे काही नाही. ते स्वतः सालेकशाकडे गेले मे महिन्यात! दरेकसा स्टेशनाजवळचा हजारा फॉल पावसावर जगतो. उन्हाळ्यात तिथे खडकच दिसणार.

नवेगावबांधला ‘एक मोठे तळे’ म्हणणे तर फारच झाले. डोंगरांमधली मोकळी जागा मातीच्या पाळीने अडवून कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगितले जाते. यंत्र नाही, सिमेंट नाही. पहाटे पाळीवर गाडी उभी करावी: धुके, डोंग्यातून जाळे सोडणारा ढिवर, आणि हिवाळ्यात पाहुणी बदके. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथेच वर्षे काढली. (तेही भातगिरणी पाहायला आले नव्हते.)

एका मुद्द्यावर मात्र पत्रलेखक बरोबर आहेत. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, दुचाकीवरून सफारीही नाही. लेखात हे यायला हवे होते.

तेव्हा हजारा ऑगस्ट-सप्टेंबरात, नागझिरा पावसाळ्यानंतर. आणि नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर दोघांनीही गाडीवरून उतरून थांबावे.

— एक वाचक, आमगाव