सेन्सर बदलला, तरी सोयाबीन हिरवंच राहिलं



आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यावर एक लोखंडी खांब आहे. त्यावर 50 वॅटचा एलईडी दिवा आणि वर डबीएवढा सेन्सर. अंधार पडला की दिवा आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. 2022 च्या हिवाळ्यात बसवला. कारण तुम्हाला सांगायला नको. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडकडच्या बिबट्याच्या बातम्या रोज मोबाईलवर येतात, आणि आमच्या दिघीतसुद्धा आता पहाटे धारा काढायला अंधारात जायला घरातलं कोणी धजत नाही. खांबाच्या एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला शेत. त्या तुकड्यात आधी भाजीपाला असायचा. 2023 ला पहिल्यांदा सोयाबीन पेरलं.

त्या खरिपात श्रावणातल्या पावसात सेन्सर गेला. दिवा दिवसाही जळायला लागला. भर दुपारी बारा वाजता दिवा चालू. मी म्हटलं, बघू पाऊस उघडल्यावर. आळस, दुसरं काय. दिवसाचे बारा तास फुकट जळाला तर 50 वॅटला 600 वॅट-तास, म्हणजे महिन्याला 18 युनिट. बिलाचं सोडा, पण पीक पिवळं पडायला लागलं तेव्हा एक गोष्ट दिसली. सगळं रान पान गाळून वाळत आलं होतं आणि खांबापासून दहा-बारा मीटरपर्यंत अर्धगोल पट्टा हिरवागार होता. उंची जास्त, पानं लुसलुशीत, शेंगा मोजक्या, त्याही चपट्या. कंपासनं आखल्यासारखा अर्धा चंद्र.

मी छातीठोकपणे सांगत सुटलो, सेन्सर बिघडला म्हणून हे झालं. दिवसरात्र दिवा जळाला, पिकाचं डोकं फिरलं. दिवाळीनंतर सेन्सर बदलला आणि विषय मिटला असं समजलो.

बदलायचं काम अवघड नाही, पण जपून करायचं. आधी खात्री केली की बिघाड सेन्सरचाच आहे. वरची काच फडक्यानं पुसली, कधीकधी धुळीनं आणि उन्हानं ती पिवळट होते आणि सेन्सरला दिवसही संध्याकाळ वाटते. पुसूनही दिवा विझेना. डबी उघडली तर आत पाणी गेलेलं आणि रिलेचे पॉइंट चिकटलेले. एलईडी चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढते, त्यानं हलके पॉइंट चिकटतात. म्हणून नवा घेताना दिव्याच्या भारापेक्षा बराच जास्त अँपिअरचा घेतला. दोन-तीनशेची वस्तू, तिथं पन्नास रुपये वाचवू नयेत.

मेन बंद केला, एमसीबी खाली पाडला, वर चढल्यावर पुन्हा टेस्टरनं तपासलं. पुतण्याला खाली मेनपाशी उभा केला, कोणी येऊन चालू करू नये म्हणून. सेन्सरला तीन वायरी असतात: एक येणारा फेज, एक न्यूट्रल, एक दिव्याकडे जाणारी. न्यूट्रल सेन्सरला आणि दिव्याला दोघांना लागतो. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून डबीवरचं चित्र बघूनच जोडा, जुन्याचा रंग बघून नको. वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून टपकतं, डबीत शिरत नाही. सेन्सरचं तोंड उत्तरेकडे केलं, थेट ऊन लागत नाही. मग दिवसाच काळं फडकं झाकून बघितलं. मिनिटभरानं दिवा लागला. लगेच लागला नाही म्हणून घाबरू नका, मुद्दाम उशीर ठेवलेला असतो, नाहीतर ढग आला की लागेल आणि वीज चमकली की विझेल. हे सगळं स्वतःच्या खांबाचं सांगतोय. महावितरणच्या किंवा रस्त्याच्या खांबाला हात लावायचा नाही.

2024 च्या खरिपात सेन्सर ठणठणीत होता. दिवसा एकदाही दिवा लागला नाही. आणि सप्टेंबरच्या शेवटी तोच अर्धा चंद्र, त्याच जागी, तेवढाच हिरवा.

तेव्हा ओळखीच्या एका कृषी पदवीधर पोरानं बांधावर उभं राहून एकच प्रश्न विचारला, "काका, रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो?"

म्हटलं, सकाळपर्यंत. सेन्सरचा आहे ना.

"मग सेन्सर नीट चालला काय आणि बिघडला काय, सोयाबीनला काय फरक पडला?"

तिथं माझी ट्यूब पेटली. दिवसा उन्हात दिवा जळाला तर पिकाला कळतसुद्धा नाही, सूर्यापुढे त्याची काय किंमत. नुकसान रात्रीच्या उजेडानं होतं. आणि चांगला सेन्सर म्हणजे रात्रभर उजेडाची हमी! बिघडलेल्या सेन्सरनं माझं बिल वाढवलं, दुरुस्त सेन्सरनं पीक बिघडवलं. वर्षभर मी चुकीच्या चोराला मारत होतो.

सोयाबीन रात्र मोजतं. हे शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी 1920 साली ते छापलं. बिलॉक्सी नावाचं सोयाबीन त्यांनी वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी फुलं सगळ्याला सप्टेंबरच्या सुमारालाच. झाड वय बघत नव्हतं, लहान होणारा दिवस बघत होतं. 1938 साली हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूवर, तेच कपड्याला काटेरी बोंडं चिकटणारं तण, दाखवलं की लांब रात्रीच्या मध्यात अगदी थोडा वेळ उजेड पाडला तरी फूल थांबतं. म्हणजे मोजमाप सलग अंधाराचं. आपल्या पुण्याकडे जूनमधला मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा अकरा. एवढ्याशा फरकावर पीक हंगाम ओळखतं. त्याच्या डोक्यावर रात्रभर दिवा ठेवला तर ते जून महिन्यातच अडकून बसणार. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असतं. खांबाखाली दहा-वीस लक्स सहज पडतो. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात, कटफ्लॉवरच्या शेवंतीला मध्यरात्री दिवे लावून कळी लांबवतात आणि दांडी उंच करतात. ते पैसे देऊन करतात, आपण नकळत करतोय.

"दोन-सव्वादोन गुंठ्यांसाठी एवढं काय?" असं घरातही ऐकलं. पण नुकसान त्या दोन गुंठ्यांचं नसतं. मळणीत हिरव्या शेंगा आणि ओले दाणे सगळ्या मालात मिसळतात. हमीभाव केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, व्यापारी तर मूठ दाबूनच दर पाडतो. वेगळी कापणी करायची तर त्या पट्ट्यासाठी पुन्हा मजूर कोण आणणार? आणि थांबलो तर बाकीच्या रानातल्या शेंगा तडकतात.

आता मत सांगतो, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

बरेच जण म्हणतात टायमर लावा, रात्री दहाला बंद. मीही तेच ठरवलं होतं. हिशोब केला तर टिकत नाही. ऑगस्टच्या शेवटी सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, सहा-सव्वासहाला उगवतो. दहापर्यंत दिवा ठेवला तर सलग अंधार उरतो आठ-सव्वाआठ तास. पिकाच्या लेखी रात्र लहानच राहिली. मध्यरात्री बंद करून पहाटे चारला पुन्हा लावायचा प्रकार तर त्याहून वाईट. माणूस आल्यावर लागणारा दिवा त्यापेक्षा बरा, पण आमच्याकडे कुत्री-मांजरं रात्रभर त्याला नाचवतात. टायमरनं बिल वाचेल, सोयाबीन वाचेलच असं नाही. दिवा कायमचा बंद करा असं म्हणणाऱ्यानं पहाटे साडेचारला आमच्या गोठ्यात येऊन धार काढून दाखवावी.

माझ्या मते उपाय पत्र्याचा आहे. दिव्याला गोठ्याकडे उजेड हवा, शेताकडे नको. तेलाचा 15 किलोचा डबा कापून शेताच्या बाजूनं आडोसा केला आणि दिव्याचं तोंड खाली वाकवलं. पत्रा दिव्याच्या पाठीला टेकवला नाही. तिथले पंखे उष्णता बाहेर टाकतात, ते झाकले तर दिवा लवकर जातो. पहिल्या रात्री मात्र गंमत झाली. दिवा लागायचा, थोड्या वेळानं विझायचा, पुन्हा लागायचा. पत्र्यावरून परतलेला उजेड सेन्सरवर पडत होता, त्याला वाटायचं उजाडलं! पत्र्याला आतून काळा रंग दिला आणि सेन्सर आडोशाच्या वर नेला, मग थांबलं.

2025 च्या खरिपात अर्धा चंद्र गेला. खांबाच्या बुडाशी दोन मीटरची पट्टी तेवढी हिरवी राहिली. तिथं आता फुले जयवंत हत्तीघास लावलंय. ते फुलायच्या आधीच कापतो, त्याला रात्र लहान असो की मोठी.

कृषीवाल्या मित्रांसाठी एक अडचण मांडतो. किड्यांच्या हिशोबानं पिवळसर दिवा चांगला, पांढऱ्या-निळसर दिव्यावर पतंग जास्त येतात. पण रात्र मोडण्यात तांबडा उजेड सगळ्यात प्रभावी, आणि पिवळसर दिव्यात तांबडा भाग जास्त असतो. म्हणून दिव्याचा रंग बदलून दोन्ही साधेल असं मला वाटत नाही, आडोसाच करावा लागेल. दुसरं, सगळ्या पिकांना एक नियम नाही. ज्वारी, तूर सोयाबीनच्या जातीतली, लांब रात्र मागणारी. हरभरा आणि गहू उलटे, त्यांना मोठा दिवस मानवतो. खांबाशेजारी रब्बीला शाळू पेरण्यापेक्षा मी हरभरा पेरीन.

आणि आता रस्त्याचे खांब. दिघी 1997 साली महापालिकेत आली. तेव्हापासून एकेक रान प्लॉट होत गेलं, जी उरलीत त्यांच्या बांधाला रस्ता आणि रस्त्याला दिवे. चऱ्होली, मोशी, चाकणकडे चित्र वेगळं नाही. रस्त्याला दिवे हवेतच, रात्रपाळी करून पोरी घरी येतात त्या वाटेनं. मागणी एवढीच, की शेताला लागून खांब उभा राहील तिथं दिव्याला शेताकडच्या बाजूनं झाकण बसवा. असं झाकण मिळतं, ते बसवल्यानं रस्त्याचा उजेड फारसा कमी होत नाही. आपणही अर्ज करताना नुसतं "दिव्यामुळे नुकसान" लिहून चालणार नाही. गट नंबर, खांबाचा नंबर, पेरणीची तारीख, खांबापासून टेपनं मोजलेलं अंतर, आणि एकाच दिवशी काढलेले हिरव्या आणि वाळलेल्या पट्ट्याचे फोटो जोडा. सहायक कृषी अधिकाऱ्यांना पीक उभं असताना बोलवा, कापल्यावर दाखवायला काही उरत नाही.

फूल लागायच्या सुमाराला, म्हणजे पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी, एका रात्री खांबापासून शेतात चालत जा. जिथपर्यंत तुमची सावली स्पष्ट दिसते तिथं काठी रोवा. कापणीच्या वेळी हिरवा पट्टा त्या काठीच्या किती अलीकडे-पलीकडे थांबतो ते मोजून मला कळवा, जातीच्या नावासकट. माझ्याकडे तो काठीच्या थोडा अलीकडे थांबला होता.